वाळवी कोठे लागली आहे?

काही कलाकृतींचे दैव असे असते की, त्यांची निंदा करणारे आणि स्तुती करणारे दोघेही त्यांतील मुख्य मुद्दा सारख्याच साळसूदपणे नजरेआड करतात. १९८४ साली जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘ग्याकुफुन्शा काझोकु’ हा चित्रपट या दुर्दैवाचा धनी आहे. परदेशांत तो ‘द क्रेझी फॅमिली’ या नावाने ओळखला जातो. त्याचा दिग्दर्शक सोगो इशिई त्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांचा होता. चाळीस वर्षे उलटली, तरी या चित्रपटाची चर्चा दोनच वाटांनी फिरते. एक पक्ष म्हणतो, हा विकृतीचा बाजार आहे. बाप सगळ्या कुटुंबाला विष घालायला निघतो, आई घरच्या मेजवानीत लाजलज्जा सोडून नाचते, आजोबा जुना लष्करी गणवेश चढवून घरातच युद्ध पुकारतात. असले प्रकार पडद्यावर आणून समाजाचे कोणते हित साधते? दुसरा पक्ष म्हणतो, जुनाट नीतिबंधनांना लाथ मारणारी ही बेफाम विनोदी कृती आहे. तिच्यात अर्थ शोधू नये, तिची झिंग अनुभवावी. एकाला चित्रपट ओंगळ वाटतो, दुसऱ्याला तो मजेदार वाटतो. त्या घरावर असलेले कर्ज मात्र दोघांच्याही हिशेबात येत नाही.

वस्तुतः त्या कर्जावाचून या कथेत काही घडतच नाही. कात्सुकुनी कोबायाशी हा तोक्योतील एका कचेरीत नोकरी करणारा साधा पगारदार. आयुष्यभर अडचणीच्या सरकारी वसाहतीत काढल्यानंतर तो उपनगरात स्वतःचे घर घेतो. पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना घेऊन तो तेथे राहायला येतो, तेव्हा आयुष्याचे सार्थक झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर असतो. मुलगा तोक्यो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोंडून घेतो. मुलगी लोकप्रिय गायिका होण्याची आणि त्याच दमात व्यावसायिक कुस्तीगीर होण्याचीही स्वप्ने पाहते. मग आजोबा राहायला येतात आणि घर अपुरे पडू लागते. पत्नी कुरकुरते, मुले चिडतात. बापाला म्हाताऱ्याला घालवूनही देववत नाही आणि ठेवूनही घेववत नाही. त्यातच त्याच्या लाडक्या घराला वाळवी लागल्याचे त्याला दिसते. आजोबांसाठी तळघर करावे म्हणून तो भर दिवाणखान्यातली जमीन फोडू लागतो, आणि येथून पुढे या सुखवस्तू घराचा रणांगणापर्यंतचा प्रवास सुरू होतो. घरातले सारेच ‘आजारी’ आहेत, शहाणा आपण एकटाच, अशी त्याची खात्री पटते. सर्वांना संपवून स्वतःही संपावे, हा त्याने काढलेला उपाय फसतो. दारे-खिडक्या बंद करून सारे एकमेकांवर तुटून पडतात. अखेरीस दोष घराचा आहे असे त्याला वाटते आणि हेच कुटुंब एकजुटीने आपले घर जमीनदोस्त करते.

शीर्षकातील ‘ग्याकुफुन्शा’ या शब्दाचा अर्थ विमानाच्या इंजिनांचा उलटा झोत. ९ फेब्रुवारी १९८२ रोजी फुकुओकाहून आलेले जपान एअरलाइन्सचे विमान तोक्योच्या हानेदा विमानतळावर उतरत असताना वैमानिकाने हवेतच इंजिने उलट्या झोतावर टाकली. विमान धावपट्टीच्या अलीकडे समुद्रात कोसळले आणि २४ प्रवासी मेले. वैमानिक मानसिक आजाराने ग्रस्त होता, आणि तरीही तो उड्डाणावर होता. त्या वर्षी हा तांत्रिक शब्द जपानमध्ये घरोघर थट्टेचा झाला. कोणी जरा विक्षिप्त वागला की ‘उलटा झोत सोडला’ असे लोक म्हणू लागले. वैमानिक वेडा होता हे सर्वांनी लक्षात ठेवले. त्याला सुकाणूवर कोणी बसवले हा प्रश्न त्या हशात विरला. इशिईने हाच शब्द कुटुंबाला लावला, यात त्याची नेमकी दृष्टी आहे. बाप वेडा झाला हे चित्रपट दाखवतोच. त्याला या अवस्थेपर्यंत कोणी आणून सोडले, हे विचारण्याची जबाबदारी प्रेक्षकावर पडते.

ते कोणी केले, याचे उत्तर मनोविश्लेषणाच्या ग्रंथांत सापडणार नाही. ते युद्धोत्तर जपानच्या अर्थकारणात सापडते. घरे बांधण्याचे दायित्व तेथील राज्यसंस्थेने प्रारंभापासूनच अर्धवट उचलले होते. १९५० मध्ये सरकारी गृहकर्ज महामंडळ निघाले. घर ज्याने त्याने स्वतः बांधावे आणि सरकारने कर्ज द्यावे, हे सूत्र तेव्हाच ठरले. १९५५ मध्ये गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले आणि शहरांच्या कडेला ‘दांची’ नावाच्या भाड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. दोन खोल्या आणि जेवणाची जागा असलेले स्वयंपाकघर एवढाच त्यांचा प्रपंच. उद्योगांना शहरांत माणसे हवी होती, त्यांच्या निवाऱ्याचा खर्च मात्र कोणालाच पुरता नको होता. १९७९ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या एका अंतर्गत अहवालात जपानी घरांना ‘सशांची खुराडी’ म्हटले गेले आणि ते बाहेर फुटले, तेव्हा जपानी वृत्तपत्रांत मोठी खळबळ उडाली. अपमानाची चर्चा झाली. जमिनीची मालकी आणि जमिनीचा भाव यांची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

अशा परिस्थितीत पगारदाराने वसाहतीतून सुटण्याचा एकच मार्ग उरतो: उपनगरात दूरवर एक चिमुकला तुकडा, वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज आणि रोजचा तासन्‌तासांचा आगगाडीचा प्रवास. या कर्जाची रचना कार्यकर्त्यांनी नीट पाहण्यासारखी आहे. दरमहाच्या हप्त्याखेरीज उन्हाळी आणि हिवाळी बोनसच्या महिन्यांत मोठा हप्ता द्यायचा, ही तेथील रूढ पद्धत. बोनस मिळतो कंपनीच्या भरभराटीवर आणि वरिष्ठांच्या मर्जीवर. अनेक बड्या कंपन्या तर आपल्या नोकरांना घरासाठी स्वतःच कर्ज देत. ज्याच्या घराचा प्रत्येक वासा कंपनीच्या बोनसवर टेकलेला आहे, तो संपाच्या ठरावावर हात वर करताना दहा वेळा विचार करणार. मालकीचे घर माणसाला स्वातंत्र्य देते, असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. कोबायाशीच्या घराने त्याला कोणते स्वातंत्र्य दिले? कचेरीतून सुटून घरी धावण्याचे आणि घरातून सुटून कचेरीकडे धावण्याचे.

आता आजोबांकडे वळावे. नीतिवाद्यांना हे पात्र सर्वांत असह्य वाटते, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. १९७३ हे वर्ष जपानी सरकारने मोठ्या थाटाने ‘कल्याणाचे पहिले वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. सत्तर वर्षांवरील वृद्धांना त्या वर्षापासून वैद्यकीय उपचार विनामूल्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकट आले आणि कल्याणाचा उत्साह ओसरला. १९७८ च्या आरोग्य व कल्याण मंत्रालयाच्या श्वेतपत्रिकेने एक अजब शोध लावला: वृद्ध आईवडील मुलांबरोबर राहतात, ही जपानच्या कल्याणव्यवस्थेची ‘सुप्त मालमत्ता’ आहे. जमाखर्चाच्या वहीत न दिसणारी, पण अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेव म्हणजे सुप्त मालमत्ता. पुढे ‘जपानी पद्धतीचा कल्याणकारी समाज’ या गोंडस नावाखाली सत्ताधारी उदारमतवादी लोकशाही पक्षाने याचे धोरण केले. १९८२ च्या कायद्याने वृद्धांच्या उपचारांवर पुन्हा पैसे आकारणे सुरू झाले आणि १९८३ च्या फेब्रुवारीपासून तो अमलात आला. १९८४ मध्ये कोबायाशीच्या दारात उभे राहणारे आजोबा हीच ती सुप्त मालमत्ता! श्वेतपत्रिकेच्या लेखकांनी हिशेबात धरलेली ही ठेव ज्या घरात ठेवायची, त्या घरात तिच्यासाठी खोली नाही. म्हणून बाप जमीन खणतो. त्याचे हे खणणे निव्वळ वेडाचार समजणाऱ्यांनी इतकेच सांगावे की, सरकारच्या त्या धोरणाप्रमाणे वागायचे, तर त्याने दुसरे काय करायला हवे होते?

आजोबांची भूमिका हितोशी उएकी या नटाने केली आहे, ही निवडही बोलकी आहे. १९६२ मध्ये ‘निप्पोन मुसेकिनिन जिदाई’ या चित्रपटात, म्हणजे ‘जपानचा बेजबाबदार काळ’ या अर्थाच्या विनोदपटात, उएकीने बेफिकीर, गप्पिष्ट आणि हसत हसत वर चढणारा पगारदार उभा केला होता. वेगवान आर्थिक वाढीच्या त्या वर्षांत हा नायक साऱ्या देशाचा लाडका झाला. बावीस वर्षांनी त्याच चेहऱ्याचा माणूस म्हातारा होऊन येतो आणि त्याला झोपायला जागा नसते. भरभराटीचे आश्वासन देणारा आणि त्या भरभराटीत अडगळ ठरलेला असे दोघेही एकाच नटाच्या देहात प्रेक्षकांसमोर उभे राहतात. त्याच्या अंगावरचा गणवेश आणखी एका न फेडलेल्या देण्याची आठवण देतो. युद्धाचा हिशेब त्या राष्ट्राने कधी पुरता मांडला नाही. मग तो दिवाणखान्यात उफाळून आला तर नवल काय?

मुलाची आणि आईची गोष्टही याच वहीतली आहे. मोठ्या कंपनीत कायमची नोकरी हवी, तर नामांकित विद्यापीठ हवे. विद्यापीठ हवे, तर बालपण परीक्षेच्या घाण्याला जुंपायला हवे. १९८० च्या नोव्हेंबरात कावासाकी येथे प्रवेशपरीक्षेत पुन्हा पुन्हा अपयश आलेल्या एका वीस वर्षांच्या तरुणाने आईवडिलांचा जीव घेतला, तेव्हा सारा जपान हादरला होता. १९८३ मध्ये योशिमित्सु मोरिता याने ‘काझोकु गेमु’ हा, परीक्षेची शिकवणी करणाऱ्या शिक्षकाने उधळून लावलेल्या घराचा चित्रपट काढला. त्यातील कुटुंब लांबट मेजाच्या एकाच बाजूला ओळीने बसून जेवते. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. इशिईच्या चित्रपटातील आई अनावर नाचते ते नीतिवाद्यांच्या डोळ्यांत खुपते. पण नवऱ्याने रात्री उशिरापर्यंत कंपनीत राबावे, यासाठी घर, मुले आणि म्हातारे यांचा सारा भार जिने बिनपगारी उचलायचा, तिला त्या घरात दुसरे कोणते व्यासपीठ होते? १९६१ पासूनची करसवलत आणि १९८५ ची निवृत्तिवेतन-सुधारणा या दोहोंनी तिला गृहिणीपदाशी बांधूनच ठेवले.

येथे संस्कृतिवाद्यांचा एक आवडता युक्तिवाद पुढे येतो. ते म्हणतात, हे सारे जपानी मनाचे वैशिष्ट्य आहे. त्या लोकांत दडपलेपण फार, म्हणून स्फोटही भयंकर. हा युक्तिवाद आळशी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो सोयीचा आहे. तेच ‘जपानी मन’ १९७० आणि १९८० च्या दशकांत जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आदर्श म्हणून शिकवले जात होते. कंपनी म्हणजे कुटुंब, कामगार म्हणजे निष्ठावंत पुत्र, असे गोडवे गायले जात होते. भारतातील कारखानदारही त्यात मागे नव्हते. उत्पादन वाढले की श्रेय संस्कृतीला, आणि घर कोसळले की दोषही संस्कृतीलाच. मधल्यामध्ये मालक आणि सरकार दोघेही मोकळे! दमणुकीने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेने ‘कारोशी’ असा शब्द दिला. तो शब्द कोणत्या प्राचीन धर्मग्रंथातून आलेला नाही; कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी तो याच काळात रूढ केला.

निषिद्धे मोडणे म्हणजेच बंडखोरी, या समजाचाही समाचार घेतला पाहिजे. २००१ मध्ये ताकाशी मिइके याने ‘बिजिता क्यू’ नावाचा, व्हिडिओवर काढलेला स्वस्तातला चित्रपट आणला. दूरचित्रवाणीवरील नोकरीत अपयशी झालेला बाप, शाळेत मार खाऊन घरी आईला मारणारा मुलगा, कोलमडलेली आई, आणि या घरात येऊन राहणारा एक अनोळखी माणूस अशी त्याची मांडणी आहे. इशिईने ज्या मर्यादांपाशी हात आखडला, त्या साऱ्या मिइके ओलांडतो. पण शेवटी तो काय करतो? विस्कटलेल्या कुटुंबाला पुन्हा आईच्या छातीशी आणून बसवतो. देहाविषयीची सगळी निषिद्धे तेथे मोडतात. पैशाविषयीचे निषिद्ध शाबूत राहते. घराचा खर्च कोठून येतो, श्रमाचे मोल कोण ठरवते, यावर चकार शब्द नाही. अशा चित्रपटाने प्रेक्षकाला किळस येते, झोपही उडते. घरमालकाची वा बँकेची झोप मात्र उडत नाही.

मग इशिईचा चित्रपट निर्दोष मानायचा काय? मुळीच नाही. त्याचा शेवट तपासला पाहिजे. घर पाडल्यानंतर हे कुटुंब मोटाररस्त्याच्या उंच पुलाखालच्या मोकळ्या जागेत संसार थाटते. भिंती नाहीत, छप्पर नाही, प्रत्येकाला हवी तेवढी जागा; सारे आनंदात आहेत. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून बाहेर पडतो. परंतु घर पाडल्याने कर्ज फिटत नाही. हे सांगायला चित्रपट विसरतो, आणि इतिहास विसरला नाही. १९८५ च्या सप्टेंबरातील प्लाझा करारानंतर येनचा भाव चढला, व्याजाचे दर उतरले आणि जमिनीच्या किमती आकाशाला भिडल्या. दोन पिढ्यांनी मिळून फेडायची गृहकर्जे बाजारात आली. १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला, आणि मग तो फुगा फुटला. १९९० च्या दशकात पुलांखाली, उद्यानांत आणि स्थानकांत खरोखरीच माणसे राहू लागली. तोक्योच्या शिंजुकु स्थानकालगतच्या भुयारी वाटेत खोक्यांच्या पुठ्ठ्यांची वस्ती उभी राहिली. १९९६ च्या जानेवारीत, सरकता पादचारी मार्ग बांधायचा म्हणून, ती बळाने हटवली गेली. १९९८ मध्ये जपानमधील आत्महत्यांची वार्षिक संख्या ३०,००० च्या वर गेली आणि २०११ पर्यंत ती त्याखाली आली नाही. पुलाखालचा आनंदी संसार हा १९८४ चा विनोद होता. पंधरा वर्षांत त्यातले हसू संपले.

याहून गंभीर गोष्ट पटकथेच्या एका लेखकाची आहे. मूळ कल्पना योशिनोरी कोबायाशी या व्यंगचित्रकथाकाराची, आणि पटकथेतही त्याचा हात होता. कुटुंबाचे आणि परीक्षेच्या शर्यतीचे वाभाडे काढणारा हा माणूस १९९० च्या दशकाच्या मध्याला दूषित रक्तघटकांमुळे एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्या रुग्णांच्या लढ्यात उतरला. तेथे त्याचे चळवळीतील तरुणांशी बिनसले आणि १९९६ मध्ये त्याने चळवळीवरच टीकेची झोड उठवली. १९९८ मध्ये त्याचे ‘सेन्सोरोन’ हे जपानच्या आक्रमक युद्धाचे समर्थन करणारे चित्रपुस्तक प्रचंड खपले. ज्या आजोबांचा गणवेश १९८४ मध्ये हास्यास्पद होता, तो चौदा वर्षांत पूज्य ठरला. याला एका माणसाचा लहरीपणा म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. मध्यमवर्गाच्या रागाला स्वतःची अशी दिशा नसते. त्याला घर, हप्ता, परीक्षा आणि म्हातारपण यांची उकल करून देणारे कोणी भेटले नाही, तर राष्ट्राच्या गतवैभवाची झूल घेऊन उभे असलेले लोक त्याला नक्की भेटतात.

या ठिकाणी जपानी डाव्या चळवळीला कठोर प्रश्न विचारणे भाग आहे. १९५५ पासून ‘शुन्तो’ म्हणजे वसंतातील वेतनलढा हे तिचे मुख्य शस्त्र होते. १९७४ मध्ये त्या लढ्याने सरासरी ३२.९ टक्के वेतनवाढ मिळवली. १९७५ मध्ये ती १३.१ टक्क्यांवर आली. पण पगार वाढला तो जमिनीच्या भावाने गिळला, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर, घराच्या उंबरठ्याच्या आत काय चालले आहे, हा बहुतांशी खाजगी प्रश्न मानला गेला. हे अटळ होते काय? तसे म्हणता येत नाही. समाजवादी व साम्यवादी पक्षांच्या पाठिंब्याने १९६७ मध्ये तोक्योचे राज्यपाल झालेले अर्थशास्त्रज्ञ र्योकिची मिनोबे यांनी १९६९ मध्येच तेथील वृद्धांना विनामूल्य उपचार दिले होते. १९७३ चा राष्ट्रीय निर्णय या दबावातून आला. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याचा प्रश्न जेव्हा सार्वजनिक केला गेला, तेव्हा सत्ताधाऱ्यांना झुकावे लागले. तो पुन्हा घरात ढकलला गेला, तेव्हा १९८२ चा कायदा आला. १९८६ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष ८५ जागांवर घसरला आणि १९८९ मध्ये ‘सोह्यो’ हा कामगार महासंघ विसर्जित झाला. उपनगरातल्या कोबायाशीकडे जाऊन त्याच्या तळघराची चौकशी करणारे कोणी उरले नव्हते.

म्हणून या चित्रपटाकडे नाक मुरडून पाहणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्या धिंगाण्यावर खूश होणेही चुकीचे. त्याने एक गोष्ट स्वच्छ दाखवली: राज्यसंस्थेने निवारा, शिक्षण आणि वार्धक्य यांचा बोजा कुटुंबावर टाकला, आणि मग कुटुंब पवित्र आहे असे जाहीर केले, म्हणजे तो बोजा वाहताना मोडणाऱ्याला वेडा ठरवता येते. दुसरी गोष्ट त्याला दाखवता आली नाही: हे ओझे उतरवायचे, तर भिंती पाडून भागत नाही, शेजारच्या घराच्या भिंतीपलीकडे तोच हप्ता भरणारा दुसरा माणूस आहे, हे आधी कळावे लागते. चित्रपटभर कोबायाशी आपल्या घरातच खणत राहतो आणि शेजाऱ्याचे दार तो एकदाही ठोठावत नाही. ते दार ठोठावणे हे दिग्दर्शकाचे काम नव्हते. ज्यांचे ते काम होते, त्यांनी ते का केले नाही, याचा विचार प्रत्येक देशातल्या चळवळीने स्वतःपुरता करायचा आहे.